शिवेपलीकडचा शेजारधर्म

गाव करील ते राव काय करील, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका गावाच्या एकीचे बळ तीत सांगितले आहे. दोन गावे मिळून काय करतील, ह्याविषयी मात्र आमच्या ऐकण्यात एकही म्हण नाही. शिवेच्या भांडणाविषयी हव्या तितक्या कथा आहेत. ह्या उणिवेचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडावा असे आम्ही योजले आहे. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. खाणीतल्या, कागद गिरणीतल्या आणि तेंदूच्या फळीवरच्या मजुरांची संघटना बांधता बांधता जे कागद हाती आले ते वाचले, न समजले ते जाणत्यांना विचारले, एवढीच आमची विद्या. तेव्हा श्रोतेहो, पांडित्याची अपेक्षा ठेवू नका.

उदाहरण जवळचेच घेऊ. मोहर्ली आपणापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. चंद्रपुराहून ताडोब्याकडे जाताना इरई धरणाचा फुगवटा दिसू लागतो, आगरझरी, देवाडा मागे पडतात आणि मोहर्लीचे गेट लागते. पहाटे तेथे जिप्सी गाड्यांची रांग असते. आलेल्या पाहुण्याला मोहर्ली ठाऊक असते. भामडेळी, कोंडेगाव, सीतारामपेठ, मुधोली ही नावे त्याच्या कानावरही पडत नाहीत. परंतु जंगल एकच आहे, धरणाचे पाणी एकच आहे, आणि वाघ तर ग्रामपंचायतीचा ठराव वाचून हद्द पाळत नाही. पंचायती मात्र वेगळ्या, समित्या वेगळ्या, हिशेब वेगळे. हे असे का झाले?

फार मागे जाण्याचे कारण नाही. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढच्या काही वर्षांत चांदा जिल्ह्याची जमाबंदी झाली. मेजर ल्युसी स्मिथ ह्या साहेबाने केलेल्या त्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. ह्या व्यवस्थेने मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि गावाची शीव कागदावर पक्की झाली. त्याआधी शीव नव्हती असे नाही. पण जळण, बल्ल्या, बांबू, काटेरी कुंपणाचे झाडोरे, गुरांची चराई, ज्याला आपण निस्तार म्हणतो, तो शिवेला फारसा जुमानत नसे. ज्या गावाला बांबू नाही ते शेजारच्या बनातून आणी, आणि ज्याला कुरण नाही त्याची गुरे पलीकडे चरत. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावोगावचे असे रिवाज नोंदले गेले. पुढे जंगल राखीव झाले, निस्ताराला परवाना आणि शुल्क आले. जी गोष्ट पूर्वी शेजाऱ्याला सांगून होत असे, तिच्यासाठी आता जंगलखात्याच्या नाक्यावर उभे राहावे लागे. आमच्या मते खरा घाव येथे बसला. दोन गावांचे बोलणेच बंद झाले, कारण दोघांनाही तिसऱ्याशी बोलणे भाग पडले.

तलावांचेही तेच. झाडीपट्टीतले मालगुजारी तलाव हे निव्वळ पाण्याचे डबके नव्हेत. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की ते पाणी खालच्या गावच्या तलावात उतरते, अशा माळा पुष्कळ ठिकाणी आहेत. वरच्या गावाने पाळ उंच केली की खालच्याचे धान वाळते. खालच्याने पाणी अडवून फुगवले की वरच्याच्या बांध्या बुडतात. म्हणून तुडूम केव्हा उघडायचे, पाळीवर माती केव्हा टाकायची हे बसून ठरवावे लागे. मालगुजार काही धर्मात्मे नव्हते, वेठ तेही घेत. पण पाण्याची गरज अशी की ती माणसाला शेजाऱ्याच्या दारी नेते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. ती संपली ह्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु तलाव सरकारजमा झाले. पुढे काही जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे गेले आणि गाळाने भरत राहिले. माळेतला वरचा तलाव एका कचेरीत आणि खालचा दुसऱ्या कचेरीत, अशीही गंमत घडली!

आता स्थानिक स्वराज्याकडे वळू. लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा. त्यानंतर १८८३ साली मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. त्यात गावांचे गट, म्हणजे सर्कल, पाडून गावमुकादमांनी आपला माणूस तहसिलीच्या लोकल बोर्डावर धाडावा, आणि बोर्डांनी जिल्हा कौन्सिलावर, अशी रचना होती. गट पडले, पण गटातल्या गावांनी मिळून करावे असे काम त्यांना दिलेच नव्हते. निवडून धाडले की गट संपला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्र ह्यांच्या पुढाकाराने जनपद योजना आली. जिल्हा कौन्सिले मोडून प्रत्येक तहसिलीला एक जनपद सभा, आणि तीत खेड्यांबरोबर शहराचेही प्रतिनिधी! आज हे फारसे कोणाला आठवत नाही. आम्हाला मात्र ही कल्पना धाडसाची वाटते. शहराने खेड्याचे दूध, लाकूड आणि मजूर घ्यावेत पण एका सभेत बसू नये, हा प्रकार ती मोडू पाहत होती. परंतु सभेचा मुख्य अंमलदार सरकारी अधिकारी, पैसा तुटपुंजा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. जनपद सभा इतिहासजमा झाल्या. नव्या व्यवस्थेने पुष्कळ कामे केली. शाळा, दवाखाने, रस्ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा जिना उभा आहे: गाव, त्यावर पंचायत समिती, त्यावर जिल्हा परिषद. शेजारच्या घरात जायचे तर आधी माडीवर चढून मग खाली उतरावे लागते. आडवा दरवाजा कोणी उघडला नाही.

तो दरवाजा कायद्यात नाही असेही नव्हे. फ्रान्समध्ये १८९० सालीच एका कायद्याने शेजारच्या गावपंचायतींना एखाद्या कामापुरता संघ करण्याची मुभा मिळाली, आणि पुढे पाणी, वीज अशी कामे तेथे अशा संघांनी केली. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही दोन किंवा अधिक संस्थांनी समान हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमावी अशी सोय आहे. ती वापरतो कोण? अनेक गावांची मिळून पाण्याची योजना होते ती बहुधा वरून येते. मग विजेचे बिल थकते. पाच गावे पैसे भरतात, दोन भरत नाहीत, आणि पंप सातांचाही बंद पडतो. योजना सरकारची असे सगळेच समजतात, म्हणून शेजाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क आपला आहे हे कोणालाच वाटत नाही.

आता ज्या गोष्टीने आमचे मत बदलले नाही पण पक्के झाले, तिच्याकडे येतो. ती तेंदूपत्त्याची.

तेंदूचा धंदा १९६९ च्या कायद्याने सरकारच्या मक्त्यात आला. जंगलखाते घटक पाडी, ठेकेदार लिलावात घटक घेई, आणि फळीवर मुन्शी बसे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे अंधारात बाई जंगलात शिरते, उन्हे चढल्यावर परतते, घरची सगळी माणसे पुडे बांधतात, आणि संध्याकाळी मुन्शी सांगतो की ह्यातले इतके पुडे खराब. ह्या फळीवर आम्ही पुष्कळ उन्हाळे काढले आहेत. ठेकेदाराचे मुख्य हत्यार पैसा नसून शेजारचे गाव असते. "त्या गावाने ह्या दराला होकार दिला, तुम्ही बसा" एवढे वाक्य पुरते. गिरणीतला मालकही हेच करतो. फक्त तेथे एका खात्याला दुसरे खाते दाखवतात.

१९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या हाती गौण वनोपज आले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. घोषणा खरी आहे. पण श्रोतेहो, आमच्या गावात आम्ही सरकार, तर शेजारच्या गावात शेजारी सरकार. मग मधल्या जंगलात काय? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे १,००६ हेक्टरांचा हक्क मिळाला, आणि त्या गावाने झाडे वाचावीत म्हणून तेंदूपाने तोडणेच बंद केले. केवढा त्याग! पण तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी पलीकडे वणवा लावला, तर तो पाचगावची शीव पाहून थांबेल काय?

ह्या प्रश्नाला कोरची तालुक्याने उत्तर काढले. तेथील गावांना जुन्या इलाक्यांची सवय होती, आणि झेंडेपारच्या लोहखाणीला विरोध करताना ती पुन्हा एकत्र बसू लागली होती. त्यातून २०१६-१७ च्या सुमारास महाग्रामसभा उभी राहिली. तालुक्यातल्या सुमारे ९० ग्रामसभा तीत आल्या. प्रत्येक ग्रामसभेने दोन बाया व दोन पुरुष धाडायचे आणि वर्गणी भरायची. लिलाव, करारनामा आणि ठेकेदाराशी बोलणी ह्यांत गावे एकमेकांच्या सोबतीने उतरू लागली. येथे बारीक गोष्ट ध्यानात घ्या. महाग्रामसभेने जंगल आपल्या नावावर केले नाही. हक्क गावाचाच, पानांचा पैसा गावाचाच. फक्त सौदा एकत्र. वर्गणी असल्यामुळे हिशेब मागण्याचा अधिकार आला, आणि बायांची संख्या ठरलेली असल्यामुळे प्रत्यक्ष पाने तोडणारीला बोलता आले. हे चित्र आम्ही गोड करून सांगत नाही. २०१७ च्या हंगामात भाव चढले. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूवर अठरा टक्के जीएसटी बसला आणि पुढच्या हंगामात बाजार पडला. एकी केली म्हणून बाजार आपला होत नाही. संप करणाऱ्यांना हे सांगायला नको. मात्र पडत्या बाजारातही शेजाऱ्याला किती दर मिळाला हे ठेकेदाराकडून न कळता शेजाऱ्याकडूनच कळणे, ही कमाई लहान नव्हे.

आता पुन्हा मोहर्ली. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प, आणि २०१० मध्ये भोवतालचे सुमारे १,१०० चौरस किलोमीटर बफर म्हणून जाहीर झाले. त्यात ७९ गावे. आतल्या काही गावांना उठून दुसरीकडे जावे लागले. बफरमधल्या गावोगाव परिस्थितीकी विकास समित्या निघाल्या. त्यांनी गॅस आणला, कुंपणे आणली, गेटावर पोरांना गाइडचे काम मिळाले. चांगलेच झाले. पण समिती गावाची, म्हणून तिची नजरही गावाची. एका गावाने शेतांभोवती जाळीचे कुंपण केले की रानडुकरे उपाशी राहत नाहीत, शेजारच्या शिवारात उतरतात. गेट एका गावाला, आणि त्याच जंगलातल्या वाघाने मारलेला बैल दुसऱ्या गावाचा.

गेटावरची मुले म्हणतील, रांगेत पहाटे आम्ही उभे राहतो, मागच्या गावाला वाटा कशाचा? प्रश्न रास्त आहे. मजुरी ज्याची त्याची, तीत वाटा मागणे आम्हालाही मान्य नाही. परंतु पाहुणा येतो तो गेट पाहायला नव्हे. ज्या रानासाठी तो येतो ते टिकावे म्हणून मागच्या गावानेही चराई सोडली आहे. तेव्हा मजुरी सोडून गेटाच्या नावाने गावाकडे जो निधी येतो, त्यातला काही भाग ह्या सात-आठ गावांच्या सामाईक पेटीत पडावा आणि ती पेटी कोरचीसारख्या निवडलेल्या सभेने सांभाळावी, असे आम्ही सुचवतो. कायद्यातली संयुक्त समिती ह्यासाठी पुरेशी आहे. नवा कायदा मागत बसण्याची गरज नाही. अध्यक्ष मात्र दरवर्षी वेगळ्या गावाचा असावा, आणि पहिला मागच्या गावाचा. मोठ्या गावाने पहिल्या वर्षी खुर्ची धरली की ती पुढे सुटत नाही, हा आमचा संघटनेतला अनुभव.

पैशाचे राहू द्या. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मे महिना आला की आमच्या मनात हेच येते. तेंदूच्या हंगामात एका गावच्या गुराख्याला आदल्या संध्याकाळी पाणवठ्यावर वाघ दिसतो. त्याच्या गावाला ते रात्रीच कळते. पलीकडच्या गावची बाई पहाटे त्याच पाणवठ्याच्या बाजूने रानात शिरते. दोन गावांत अंतर दीड-दोन मैलांचे. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पण कोणी कोणाला कळवायचे, आणि कळवल्यावर त्या दिवशी कोणत्या बाजूची तोड बंद ठेवायची, बुडालेल्या दिवसाचे पैसे कोणत्या पेटीतून द्यायचे, हे ठरवणारे आज कोणी नाही. पेटी निघाली तर तिच्यातला पहिला रुपया आम्ही ह्याच कामासाठी मागू.