खांडव्याचे गांगुली

मुंबईहून उत्तरेकडे बदलीवर निघालेल्या मराठी माणसाला भुसावळ हे आपल्या मुलखाचे शेवटचे मोठे ठाणे वाटते. पुढे तापीचा पूल ओलांडला, बऱ्हाणपूर मागे पडले, की फलाटावरच्या फेरीवाल्यांची भाषा बदलते. आणि इटारसी यायच्या आधी खांडवा लागते. आमच्यापैकी बहुतेकांनी हे स्टेशन अर्धवट झोपेतच पाहिलेले असणार. जुन्या मध्य प्रांतातील ह्या गावी कुंजलाल गांगुली नावाचे एक बंगाली वकील येऊन स्थायिक झाले होते. घराबाहेर हिंदी, घरात बंगाली, मुलांची सोयरीक मात्र दूरच्या आपल्या मुलखात पाहायची, अशी ती राहणी. आपण स्वतःस बृहन्महाराष्ट्रीय म्हणवतो, तसे बंगाली लोक अशा घरांना 'प्रवासी' म्हणतात. प्रवास कितीही पिढ्यांचा झाला तरी शब्द तोच राहतो. ह्या गांगुलींचा थोरला मुलगा कुमुदलाल 13 ऑक्टोबर 1911 रोजी भागलपुरास जन्मला. पुढे साऱ्या देशाने त्याला अशोककुमार ह्या नावाने ओळखले.

नटाचे चरित्र लिहिताना त्याच्या अंगी बालपणापासूनच अभिनयाचे स्फुरण कसे होते हे सांगण्याची एक रीत पडून गेली आहे. येथे ती सोय नाही. कुमुदलालने वकील व्हावे असे वडिलांनी ठरविले होते आणि त्यासाठी त्याला कलकत्त्यास कायदा शिकायला धाडले होते. अभ्यासात मन रमेना, परीक्षेत अपयश आले. त्याची बहीण सती हिचे यजमान शशधर मुखर्जी त्या वेळी मुंबईस मालाड येथील बॉम्बे टॉकीजमध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होते. नापास झालेल्या मुलाने वडिलांसमोर उभे राहण्यापेक्षा मेहुण्याचे घर गाठावे, ही गोष्ट आपल्याकडेही नवी नाही. मुलाला ओढ होती ती यंत्रांची. पडद्यावर दिसण्याची इच्छा त्याला नव्हती, आणि म्हणून त्याला रसायनशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली. फिल्म धुवायची, वाळवायची, जोडायची. दिवसभर अंधारात उभे राहून दुसऱ्यांचे चेहरे उजेडात आणायचे, हे त्याचे काम.

बॉम्बे टॉकीज ही संस्था हिमांशु राय नि देविकाराणी ह्या दांपत्याने 1934 साली स्थापिली होती. कंपनीचा कारभार एखाद्या चांगल्या पेढीसारखा चाले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मन होते. नोकरवर्गात शिकलेल्या तरुणांची भरती होई. सर्वांना महिन्याचा पगार असे. अशा शिस्तीच्या संस्थेत 'जीवन नैया'च्या चित्रणाच्या वेळी मोठा पेच उभा राहिला. नायक नजमुल हसन आणि नायिका देविकाराणी दोघेही चित्रपट अर्धा सोडून निघून गेले. मुखर्जींच्या मध्यस्थीने देविकाराणी परतल्या. नायकाला मात्र निरोप मिळाला. रिकाम्या जागी हिमांशु रायांनी रसायनशाळेतला मुलगा उभा केला. ऑस्टेनसाहेबांना ही निवड मुळीच पसंत नव्हती. मुलालाही नव्हती. पण साहेबाचा हुकूम पाळावयाचा असतो, एवढे नोकरदार घरातील मुलास शिकवावे लागत नाही. 1936 साली कुमुदलाल गांगुलींचा अशोककुमार झाला तो असा, जवळजवळ खातेबदलीनेच!

ही बातमी खांडव्यास पोचली तेव्हा घरात आकांत झाला. ठरलेले लग्न मोडले. ह्यात अतिशयोक्ती वाटू नये. आपल्याकडे संगीत नाटकाला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही असूनही 'नाटक्या' ही शिवीच होती, आणि 1930नंतरच्या त्याच वर्षांत दुर्गा खोटे ह्यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातील स्त्री बोलपटात आली तेव्हा पांढरपेशा महाराष्ट्राने काय काय म्हटले ते जुन्या पिढीने ऐकलेले आहे. वकिलाच्या मुलाने तोंडाला रंग लावला, तर त्याच्या धाकट्या भावंडांचे पुढे कसे व्हावयाचे, हा आईबापांचा प्रश्न खोटा नव्हता.

येथे एक कथा सांगतात. कुंजलालबाबू नागपुरास गेले. आपले कॉलेजमधले जुने स्नेही रविशंकर शुक्ल ह्यांस त्यांनी गाठले, आणि मुलासाठी सरकारी नोकरीच्या नेमणुकीची पत्रे घेऊन ते मुंबईस आले. त्यातले एक पत्र आयकर खात्यातील निरीक्षकाच्या जागेचे होते, पगार महिना अडीचशे रुपये. मुलाने ती पत्रे हिमांशु रायांना दाखविली. राय आणि कुंजलालबाबू ह्यांचे एकान्तात बोलणे झाले, आणि बाहेर आल्यावर वडिलांनी ती पत्रे स्वतःच्या हाताने फाडून टाकली.

कथा सुंदर आहे. पण आम्ही ती तारखांशी ताडून पाहिली तेव्हा थोडे थबकावे लागले. कथेत शुक्लांना मध्य प्रांताचे मुख्यमंत्री म्हटलेले असते. वस्तुतः प्रांतात काँग्रेसचे पहिले मंत्रिमंडळ बनले ते 1937 साली, आणि त्याचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे होते. शुक्ल त्या पदावर आले ते 1938 साली, खऱ्यांना पायउतार व्हावे लागल्यानंतर. आणि त्या प्रकरणाची कटुता नागपूरकरांच्या स्मरणात पुष्कळ वर्षे राहिली. म्हणजे 1936 साली शुक्लांपाशी ते पद असणे शक्य नव्हते. शिवाय आयकर हे मध्यवर्ती सरकारचे खाते. प्रांतिक मंत्र्याच्या चिठ्ठीने तेथे निरीक्षक नेमता आला असता का, हे त्या खात्यातील आमचे वाचक आमच्याहून चांगले सांगतील. कथा मुळातच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. शुक्ल हे त्या आधीही प्रांतातले वजनदार पुढारी होते. माणसाच्या आठवणीत पुढचे पद मागच्या तारखेला जमा होते, एवढेच. पण ह्या कथेतले खरे नाट्य पदात नाही. ते आहे अडीचशे रुपयांच्या कायम नोकरीचा कागद हातात असलेल्या बापात. ज्या घरात असा कागद देवघरात ठेवतात, त्या घरातल्या बापाने तो फाडला. हिमांशु रायांनी बंद खोलीत नेमके काय सांगितले असेल, ह्याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. राय स्वतः कायदा शिकलेले गृहस्थ होते. कदाचित एका शिकलेल्या माणसाने दुसऱ्यास 'मुलगा वाया जाणार नाही' असा शब्द दिला, तेवढेच पुरले असेल.

नट म्हणून अशोककुमारांचा आरंभ यथातथाच होता. 1936 सालीच आलेल्या 'अछूत कन्या'त रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याच्या अस्पृश्य मुलीवर प्रेम करणारा ब्राह्मण तरुण त्यांनी केला. आज तो चित्रपट पाहिला तर देविकाराणींशेजारी हा नायक शाळेत उभा केलेल्या मुलासारखा अवघडलेला दिसतो. हातांचे काय करावे हे त्याला कळत नाही. पार्श्वगायनाची प्रथा अजून तेथे रुळली नव्हती. कॅमेऱ्यासमोरच गावे लागे, आणि वादकांना चौकटीबाहेर झाडाझुडपांआड बसवावे लागे. संगीतकार सरस्वतीदेवींनी ह्या नवशिक्याच्या आवाक्यात बसतील अशा सोप्या चाली बांधल्या. चित्रपट प्रचंड गाजला, इतका की पुण्यात प्रभातच्या शांतारामबापूंनी 1939 साली 'माणूस' काढला तेव्हा बॉम्बे टॉकीजच्या गोडगोड प्रेमगीतांची त्यात यथेच्छ थट्टा केली. आम्हा मराठी प्रेक्षकांचे मत त्या वेळी अर्थातच प्रभातच्या बाजूने होते. त्या थट्टेत तथ्यही होते.

परंतु त्या अवघडलेपणात एक गुण लपलेला होता, तो तेव्हा कोणाच्या ध्यानी आला नाही. पारशी रंगभूमीवरून आलेले नट पल्लेदार आवाजात, शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यासाठी बोलत. अशोककुमारांना ते येतच नव्हते. त्यांच्यापाशी मोडून काढावी लागेल अशी रंगभूमीची सवयच नव्हती. हळूहळू ते समोरच्या माणसाशी, खोलीत बोलावे तसे बोलू लागले. ह्या घडणीत एका मराठी स्त्रीचा वाटा आहे, तो आवर्जून नोंदवावयास हवा. नाट्यमन्वंतरच्या रंगभूमीवरून आलेल्या पदवीधर लीला चिटणीस 'कंगन' (1939), 'बंधन' (1940), 'झूला' (1941) ह्या चित्रपटांत त्यांच्या नायिका झाल्या. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीलाबाईंपासून शिकलो, अशी कबुली अशोककुमारांनी पुढे दिलेली आहे. नायकाने नायिकेचे शिष्यत्व उघडपणे मान्य करावे, हे त्या व्यवसायात विरळाच.

1940 साली हिमांशु राय वारले. जर्मन मंडळी महायुद्ध सुरू होताच स्थानबद्ध झाली होती. संस्थेत तट पडले. आणि ह्याच मोडत्या घरातून जानेवारी 1943 मध्ये ग्यान मुखर्जींचा 'किस्मत' बाहेर पडला. त्याचा नायक खिसेकापू होता. सिगारेट ओढणारा, तुरुंगातून सुटताच पुन्हा हात चालविणारा, आणि तरीही प्रेक्षकांना आपला वाटणारा. 'फिल्मइंडिया'चे बाबूराव पटेल ह्यांनी गुन्हेगाराच्या ह्या उदात्तीकरणावर कडक टीका केली. प्रेक्षकांनी ती मानली नाही. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात 'किस्मत' तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

ही तीन वर्षे कोणती, हे विसरून चालणार नाही. 1942च्या चळवळीतले पुढारी तुरुंगात होते. चित्रपटात कवी प्रदीपांचे एक समूहगीत होते. परक्यांनी ह्या देशापासून दूर व्हावे, असा त्याचा आशय. त्यात जर्मनी नि जपान ह्यांची नावे घातल्यामुळे ते परीक्षकांच्या हातून सुटले, पण चित्रगृहातल्या प्रत्येकाला ते कोणाला उद्देशून आहे हे कळत होते. त्याच 1943 साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. कलकत्त्याच्या पदपथांवर भुकेने माणसे मरत होती आणि रॉक्सीत खेळ चालू होता. ह्या दोन चित्रांची सांगड कशी घालावी हे आम्हाला आजही उमगलेले नाही. लोक दुःख विसरायला आत जात होते, असे म्हणणे सोपे आहे; पण त्या गीतासाठीच पुन्हा पुन्हा जाणारेही त्यांत असतीलच.

अशोककुमारांच्या लोकप्रियतेची खरी परीक्षा मात्र चित्रगृहाबाहेर झाली. तिचे साक्षीदार सआदत हसन मंटो. 'किस्मत'नंतर मुखर्जी-अशोककुमार मंडळींनी फिल्मिस्तान काढली होती आणि मंटो तेथे लेखक होते. पुढे अशोककुमार सावक वाच्छांसह बॉम्बे टॉकीजमध्ये परत आले तेव्हा मंटोही बरोबर आले. फाळणीचे दिवस होते. मुसलमानांना कामावर ठेवता म्हणून कंपनीला आग लावू, अशी निनावी पत्रे येत होती. एका संध्याकाळी अशोककुमार मंटोंना घरी सोडायला निघाले आणि वाट वाचवावी म्हणून त्यांनी मोटार एका मुसलमान वस्तीत घातली. समोरून लग्नाची वरात आली. मंटोंचे धाबे दणाणले. हा हिंदू, प्रसिद्ध हिंदू, ह्याला येथे काही झाले तर आपण जगाला काय तोंड दाखवावे! जमावाने मोटार अडविली. दोन तरुण पुढे झाले आणि अशोकभाईंना त्यांनी नम्रपणे सांगितले, की पुढे रस्ता नाही, ह्या बाजूच्या गल्लीने जा. मोटार पुढे गेल्यावर अशोककुमार मंटोंच्या घाबरण्याला हसले. हे लोक कलावंताला त्रास देत नसतात, असे त्यांचे म्हणणे. मंटोंना ते हसणे पटले असे त्यांच्या लेखातून दिसत नाही. 1948च्या जानेवारीत ते पाकिस्तानात निघून गेले. अशोककुमारांनी 1949 साली त्याच संस्थेत 'महल' उभा केला. दिग्दर्शक कमाल अमरोही, नायिका मधुबाला, आणि कॅमेऱ्यामागे पुन्हा विर्शिंग. निनावी पत्रे लिहिणारांना ह्याहून वेगळे उत्तर त्यांनी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढील पन्नास वर्षांची जंत्री देण्याचे कारण नाही. 'परिणीता' (1953) त्यांच्या स्वतःच्या संस्थेने काढला. 'चलती का नाम गाडी'त (1958) तिघे भाऊ एकत्र आले. 'कानून' (1960) एकाही गाण्यावाचून चालला. केस पिकू लागल्यावर नायकाचा हट्ट त्यांनी धरला नाही. वडील, न्यायाधीश, डॉक्टर, वकील अशा भूमिका ते सहज करू लागले, आणि कुंजलालबाबूंनी मुलासाठी इच्छिलेला काळा झगा त्यांनी पडद्यावर अनेकदा घातला! आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम काम 'आशीर्वाद' (1968). त्यात लहान मुलांसाठी आगगाडीचे गाणे ते स्वतःच्या आवाजात म्हणतात. त्या भूमिकेला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. उलट सत्तरीच्या दशकातील कितीतरी चित्रपटांत त्यांनी केवळ हजेरी लावली, हेही सांगितले पाहिजे. हजेरीपटावर सही करून मन दुसरीकडे ठेवण्याची कला नोकरदारांना अपरिचित नाही. त्यांचे मन त्या काळी चित्रकलेत आणि होमिओपॅथीच्या औषधांत असे. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाले, तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी हे आजोबा दोन समजुतीचे शब्द सांगायला येत. महाराष्ट्रापासून दूरच्या वसाहतींतून आपल्यापैकी अनेकांनी सहकुटुंब ते ऐकले आहेत.

ज्या धाकट्या भावंडांचे पुढे कसे व्हावयाचे म्हणून खांडव्याचे घर व्याकूळ झाले होते, त्यांतला सर्वांत धाकटा आभास. थोरल्या भावाच्याच बोटाला धरून तो मुंबईस आला आणि किशोरकुमार झाला. 13 ऑक्टोबर 1987 रोजी, दादामुनींच्या शहात्तराव्या वाढदिवशी, किशोरकुमार अकस्मात वारले. अशोककुमार त्यानंतर चौदा वर्षे जगले. 1988चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 10 डिसेंबर 2001 रोजी चेंबूरच्या घरी त्यांचे निधन झाले. त्या चौदा वर्षांत त्यांनी आपला वाढदिवस साजरा केला नाही.