चालू गॅसलाइनवर वेल्डिंग? होय, आणि त्यामागचं गणित

आजची गोष्ट हॉट टॅपिंगची. आतून गॅस किंवा तेल प्रेशरने वाहत असताना, लाइन बंद न करता पाइपवर नवी शाखा वेल्ड करायची, तिच्यावर व्हॉल्व्ह बसवायचा आणि त्या व्हॉल्व्हमधूनच कटर आत घालून भोक पाडायचं. मी सॉफ्टवेअरवाला. चालू सर्व्हरवर काही बिघडलं तर जुना कोड परत टाकतो. इथे ती सोय नाही.

सुरुवात पाण्यापासून झाली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर शहरात हिएरोनिमस म्यूलर नावाचा मूळचा जर्मन बंदूक-कारागीर होता. १८७२ मध्ये त्याने पाणी सुरू असतानाच मेन लाइनला नळजोड देणारं यंत्र काढलं. पण ते आटे पाडून जोडायचं काम. पुढे स्टीलच्या गॅसलाइनवर वेल्डिंग आलं आणि प्रश्नच बदलला.

वेल्डिंगची आर्क स्टील वितळवते. पाइपची भिंत पातळ असेल तर तिथेच ती फुटते आणि गॅस थेट वेल्डरच्या अंगावर येतो. याला बर्न-थ्रू म्हणतात.

मग गॅस जोरात वाहू द्यावा, भिंत थंड राहील? राहते ना! पण वेल्डही झटकन गार होतो, लोहाराने तापलेलं पातं पाण्यात बुडवावं तसा. स्टील कडक होतं आणि ठिसूळही. त्यात रॉडच्या आवरणातला हायड्रोजन शिरला, तर काही तासांनी तडा जाऊ शकतो. तोवर वेल्डर घरी पोचलेला असतो.

म्हणजे प्रवाह कमी तर भोक, जास्त तर तडा. मधली वाट अंदाजाने शोधायची?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेच्या इंजिनिअरांनी यासाठी कॉम्प्युटर मॉडेल वापरलं. पाइपची जाडी, प्रवाह आणि वेल्डिंगची उष्णता द्या. पाइपच्या आतल्या बाजूचं तापमान मिळेल. कमी हायड्रोजनचे रॉड वापरताना ते सुमारे १२६० अंश सेल्सिअसखाली असेल तर बर्न-थ्रूची शक्यता कमी, असं दिसलं. तरी मर्यादा ठेवली ९८० अंश. मधलं अंतर वेल्डरच्या जिवासाठी.

आज आर्क पेटवण्याआधी त्या जागेची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजतात, कारण आतून गंजलेला पाइप बाहेरून धडधाकट दिसतो. ऑक्सिजनच्या लाइनला तर हात लावत नाहीत. आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा: लाइन बंद करून हे काम खरंच होणार नाही का?

भेटू पुढच्या भागात!