पात्याकडून मोगरीकडे

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो आकाशात उंच उडालेला चेंडू. पण हा खेळ पुष्कळदा जिंकला किंवा हरला जातो तो अगदी शेवटच्या काही फुटांत. तीनशे यार्डांचा फटका हिशेबात एकच धरतात, आणि खळग्याच्या तोंडाशी आलेला चेंडू आत ढकलायला लागतो तोही एकच. हा ढकलण्याचा फटका ज्या काठीने मारतात तिला पटर म्हणतात. आज मला सांगायची आहे ती या पटरच्या डोक्याची हकीगत.

पटरचे मुख्य प्रकार दोन. एक ब्लेड, म्हणजे पातं : अरुंद, सडपातळ, दिसायला देखणं. दुसरा मॅलेट, म्हणजे आपली मोगरी : मागे पसरलेलं, जाडजूड डोकं. पिढ्यान्‌पिढ्या नामवंत खेळाडूंच्या पिशवीत पातंच असे. १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या बॉबी जोन्सच्या हातात ‘कॅलॅमिटी जेन’ नावाचं पातं होतं. अलीकडे मात्र अव्वल व्यावसायिक एकामागून एक मोगरीकडे वळले. हे असं का झालं, आणि व्हायला इतका उशीर का लागला?

आधी यामागचं गणित पाहू. दोरीवरून चालणारा डोंबारी हातात आडवा लांब बांबू धरतो. वजन मध्यापासून दूर गेलं की वस्तू सहजासहजी फिरत नाही, हे त्याला शाळेत न जाता ठाऊक असतं. पटरचंही तसंच आहे. चेंडू डोक्याच्या बरोबर मध्यावर न लागता जरा बाजूला लागला, तर हलकं पातं हातात किंचित वळतं. चेंडूची दिशा चुकते आणि वेगही मरतो. मोगरीचं वजन कडांना आणि मागे विभागलेलं असल्यामुळे ती कमी वळते. थोडक्यात, हाताची लहानशी चूक ती पोटात घालते.

ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे अभियंता होते. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचं मोगरीसारखं डोकं केलं, दांडा टोकाऐवजी मध्याजवळ बसवला आणि १९०३ साली पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये सँडविच इथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा होती. तिथे वॉल्टर ट्रॅव्हिस हा जन्माने ऑस्ट्रेलियन, पण अमेरिकेत स्थायिक झालेला बेचाळीस वर्षांचा गृहस्थ हा पटर घेऊन उतरला. गोल्फची काठी त्याने हाती धरली तीच मुळी पस्तिशीच्या उंबरठ्यावर. त्याचे फटके लांब जात नसत. अंतिम सामन्यात समोर होता लांब फटक्यांसाठी नावाजलेला एडवर्ड ब्लॅकवेल. ट्रॅव्हिसने त्याला हरवलं आणि ब्रिटनचा तो चषक प्रथमच समुद्रापार गेला.

सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९१० साली अशा पटरवर बंदी घातली. दुखावलेल्या इंग्रजांनी सूड घेतला, असं सर्रास सांगितलं जातं. पण तारखा नीट पाहिल्या तर मधे सहा वर्षं गेलेली दिसतात. बंदीला निमित्त झालं ते न्यूझीलंडमधल्या एका क्लबने विचारलेल्या प्रश्नाचं : क्रोकेची मोगरी घेऊन पट केलं तर चालेल का? त्याचं उत्तर देताना मध्याजवळ दांडा असलेल्या साऱ्याच मोगऱ्या नियमाबाहेर गेल्या. अमेरिकेने ही बंदी मानली नाही. चार दशकं अटलांटिकच्या दोन काठांवर दोन कायदे चालले. अखेर १९५१ साली दोन्ही संस्था एकत्र बसल्या आणि १९५२पासूनच्या सामाईक नियमांत ही बंदी उठली.

म्हणजे कायद्याची आडकाठी गेली, तरी खेळाडू पात्यालाच चिकटून राहिले. मला खरा प्रश्न इथे दिसतो. पातं हाताला ‘कळतं’, असं जाणकार म्हणत. चेंडू चुकीचा लागला की तळव्याला तसं जाणवतं आणि पातं खेळाडूला शिकवतं. मोगरी चूक झाकते; मग ती उस्तादाला कशाला हवी? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि थोडा अहंकारही आहे.

गंमत म्हणजे पात्यालाही पुढे तडजोड करावी लागली. नॉर्वेत जन्मलेले कार्स्टन सोल्हाइम हेही जनरल इलेक्ट्रिकचेच अभियंता. १९५९ साली त्यांनी पहिला ‘पिंग’ पटर बनवला. चेंडू लागताच होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं. त्यांच्या १९६६च्या ‘अ‍ॅन्सर’मध्ये वजन दोन्ही टोकांना होतं. आज आपण ज्याला ब्लेड म्हणतो ते बहुतेक त्याच घराण्यातलं. टायगर वुड्सचा लाडका पटरही त्याच वळणाचा.

२००१ साली ओडिसी कंपनीचा ‘टू-बॉल’ आला. नासात काम केलेल्या डेव्ह पेल्झ यांच्या कल्पनेतून डोक्यावर चेंडूएवढ्या दोन पांढऱ्या चकत्या आल्या. खरा चेंडू समोर ठेवला की तिन्ही एका ओळीत, आणि नेम धरणं सोपं. पातळ पात्यावर एवढी जागा कुठली?

शेवटचा धक्का आकड्यांनी दिला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांच्या पद्धतीने अमेरिकेच्या पीजीए टूरने २०११पासून पटिंग मोजायला सुरुवात केली. अमुक अंतरावरून इतरांना सरासरी किती फटके लागतात आणि तुम्हाला किती लागले, याचा हिशेब उघड मांडला जाऊ लागला. ‘माझ्या हाताला कळतं’ हे म्हणणं आता तपासता येऊ लागलं.

स्कॉटी शेफलरचं उदाहरण बोलकं आहे. २०२३ साली लांब फटक्यांत त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. पटिंगच्या यादीत मात्र तो १६२वा होता. फेब्रुवारी २०२४मध्ये रोरी मॅकिलरॉयने, स्वतः मोगरीवर स्थिरावलेला असल्यामुळे, स्कॉटीनेही ती वापरून पाहावी असं जाहीरपणे सुचवलं. मार्चमध्ये शेफलरने टेलरमेडचा ‘स्पायडर’ हाती घेतला. बे हिलची स्पर्धा त्याने पाच फटक्यांनी जिंकली, पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स चँपियनशिप आणि एप्रिलमध्ये मास्टर्स. सल्ला देणाऱ्या मॅकिलरॉयचं स्वतःचं मास्टर्सचं स्वप्न २०२५मध्ये पुरं झालं, तेही मोगरीनेच.

म्हणून पातं संपलं असं नाही. वुड्सने २०१८च्या उन्हाळ्यात काही काळ मॅलेट वापरून पाहिला, मग तो जुन्या पात्याकडे परतला आणि त्याच वर्षी टूर चँपियनशिप जिंकला. हिरवळीचा उतार वाचणं, चेंडूला किती जोर द्यायचा हे ठरवणं, हातांचा थरकाप आवरणं, ही कामं कोणतीच काठी करत नाही.

मोगरीचं गुपित १९०३पासून पेटंटच्या कागदावर उघडं होतं. उशीर लागला तो ते वापरायला. आपला हात चुकू शकतो, हे नवशिक्याला मान्य करणं सोपं असतं. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला ते चारचौघांत मान्य करणं जड जातं. शेफलरने ते केलं, आणि त्यात त्याची कारागिरी उणावली असं मला वाटत नाही.