चुंबकाचं विरजण

"चुंबक लावा, फुकट वीज मिळवा" छापाचे व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून येत असतात. मध्यंतरी एका मावसभावाने विचारलं, "दादा, यात खोटं काय आहे?" उत्तर दोन वाक्यांत संपतं, पण त्यामागचा इतिहास फार मजेदार आहे, म्हणून हा उद्योग.

सुरुवातीची जनित्रं कायमच्या चुंबकांवर चालत. नालाच्या आकाराचे जड पोलादी चुंबक, त्यांच्यासमोर फिरणारी तारेची गुंडाळी. पण तेव्हाचं पोलाद दुबळं, त्यामुळे यंत्र भलंमोठं आणि वीज बेताची. विद्युतचुंबक कितीतरी जोरदार, पण त्याला आधी वीज पाजायला हवी, म्हणजे बॅटरी आली! यावर डेन्मार्कच्या सोरेन योर्टने तोडगा काढला: दोन्ही चुंबक एकाच यंत्रात बसवायचे. कायमच्या चुंबकाने थोडी वीज तयार करायची, ती विद्युतचुंबकाच्या गुंडाळीत सोडायची, त्याचा जोर वाढला की वीज आणखी वाढते. त्याने १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. माणूस मूळचा रेल्वेवाला. कोपनहेगन ते रॉस्किल्ड रेल्वेमागे (१८४७) त्याचा मोठा हात होता. आज त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

१८६६ मध्ये मँचेस्टरच्या हेन्री वाइल्डने छोटं चुंबकी जनित्र मोठ्या विद्युतचुंबकी जनित्राच्या डोक्यावरच बसवलं. वरच्याची वीज खालच्याला. त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला तो खुद्द फॅरेडेने. पाव इंच जाडीची लोखंडी सळई वितळवण्याइतकी वीज निघाली, आणि लोक चक्रावले. एवढ्याशा चुंबकातून एवढी वीज?

आता तुम्हीच सांगा, चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, म्हणून दही काय विरजणातून येतं? येतं दुधातून. वाइल्डचं दूध म्हणजे वाफेच्या इंजिनातला कोळसा. सायकलचा डायनॅमो टायरला लावला की पेडल जड होतं, हे ज्यांनी अंधारात सायकल हाणली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढे वार्ली, व्हीटस्टन आणि सीमेन्स यांच्या लक्षात आलं (१८६६-६७) की वेगळं विरजणही नको. विद्युतचुंबकाच्या लोखंडात आधीचं थोडं चुंबकत्व उरतंच, पातेल्याच्या तळाला दही उरावं तसं. तेवढ्यावर यंत्र सुरू होतं. मोठ्या जनित्रांतून कायमचे चुंबक हद्दपार झाले.

ते परतले १९८० च्या दशकात, निओडिमियमचे होऊन. गुंडाळीत वीज जाळावी लागत नाही, म्हणून मोटारीची कार्यक्षमता वाढते. हा फायदा खरा आहे, पण तो तोटा कमी होण्याचा, फुकट विजेचा नव्हे. शिवाय कायमच्या चुंबकाचा जोर हवा तेव्हा कमी करता येत नाही, आणि वेगात तेच नडतं. म्हणून काही मोटारींत आजही दोन्ही एकत्र वापरायचे प्रयोग चालतात: मुख्य जोर चुंबकाचा, कमीजास्त करायला गुंडाळी. योर्टचीच जोडी, वेगळ्या कारणासाठी!

एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्यांची झोप उडाली. बीएमडब्ल्यूच्या आयएक्स३ च्या मोटारीत मात्र कायमचा चुंबक नाहीच, नुसती गुंडाळी आहे.

मावसभावाला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे डिझेल लागणारच?"

लागणारच, बाबा.