विंचू, वही आणि महाडचा दवाखाना

रायगड जिल्ह्याचा इतिहास सांगू लागलो की आपण गड चढतो, राज्याभिषेक आठवतो आणि खाली उतरून फार तर महाडच्या चवदार तळ्यापाशी थांबतो. ते यथायोग्यच होय. परंतु याच महाड तालुक्यात, जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असताना, वैद्यकाच्या इतिहासातील एका प्रकरणास आरंभ झाला, आणि त्याची वार्ता आपल्या घरी येण्यापूर्वी लंडनला पोहोचली होती.

कोकणच्या तांबड्या मातीत लाल विंचू फार. दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात तो दडलेला असतो. माणूस भितो ती काळ्या इंगळीला. मारतो मात्र हा बारका लाल विंचू. त्याच्या दंशाने धडधाकट शेतकरी किंवा खेळते पोर काही तासांत फुप्फुसांत पाणी होऊन, तोंडाला तांबूस फेस येऊन दगावत असे. लोक मांत्रिकाकडे धाव घेत. त्यांस आम्ही हसणार नाही. कारण त्या काळी दवाखान्यात तरी काय होते? स्टेरॉइड, ॲट्रोपीन, ॲलर्जीवरील सुया आणि दैव.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे गाव. वैद्यकाचे शिक्षण नागपूरचे. त्यांनी केले ते असे की, दंश झालेल्या माणसाजवळ ते बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा यांची वेळेसह नोंद ठेवली, आणि जो वाचला त्याची लिहिली तशी जो गेला त्याचीही लिहिली. आमच्या मते संशोधनाचे स्थान या घडीला निर्माण झाले. इमारत आणि यंत्रे पुढची गोष्ट.

या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय ही लक्षणे आधी येतात. हृदय त्यानंतर कोसळते. म्हणजे मृत्यू पूर्वसूचना देतो, ती वाचणारा हवा. हे निरीक्षण 1982 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर असह्य भार पडतो. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबावरील गोळी त्या कामी आली, आणि 1986 साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी तिचे अनुभव त्याच साप्ताहिकात मांडले. गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, खेड्यातल्या डॉक्टरला देता येण्याजोगी. पथ्य एवढेच की रुग्णास निजवून ठेवावे, एकाएकी उठवू नये. रक्तदाब उतरून भोवळ येते. हृदयावर परिणाम झालेल्या रुग्णांत पूर्वी शंभरात तीस-चाळीस जात, ते प्रमाण पुढे एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात.

येथे कोणीही समाधान मानले असते. परंतु मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरील लसही तयार होऊ लागली होती, आणि प्रश्न उभा राहिला: गोळीबरोबर ती दिल्यास अधिक गुण येतो काय? याचे उत्तर नुसत्या अनुभवाने मिळत नाही. म्हणून महाडच्या बावस्कर रुग्णालयात 70 रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने, 35-35 चे दोन गट केले. गोळी दोघांनाही, लस एकाच गटाला. यातील नीती ध्यानात घेण्यासारखी आहे. जे औषध जीव वाचवते असे ठाऊक आहे, ते प्रयोगासाठी कोणाचेही काढून घेतले नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातील अशाच प्रयोगाचा वृत्तांत 2009 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात मुले 15. पैकी 7 जणांना लसीऐवजी निर्गुण द्रव दिला गेला, आणि गुंगीचे औषध व अतिदक्षता विभाग यांचा आधार सर्वांनाच होता. तेथील विंचू निराळा आणि साधनेही निराळी, म्हणून दोहोंची तुलना ताणू नये. तरी तालुक्याच्या गावी 70 रुग्णांचा हिशेब चोख ठेवला गेला, हे लहान काम नव्हे.

निकाल 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण लस घेतलेल्या गटात 32, नुसत्या गोळीच्या गटात 8. कोणाला काय दिले हे वैद्यास ठाऊक होते, हे या प्रयोगाचे वैगुण्य खरे. शीर्षकातच तो उघडा प्रयोग असल्याचे नमूद आहे. आम्हांस तो प्रामाणिकपणा आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या देशात अशा चाचण्यांची आगाऊ नोंदणी 2009 पासून सक्तीची झाली आणि 2019 साली नवे नियम आले. संमतिपत्रे, नीतिसमित्या, तपासनीस हे सारे हवेच. मोठ्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र कचेऱ्या थाटल्या आहेत. पण दंश झाल्यापासून तासा-दोन तासांत येणारा रुग्ण त्यांच्या दारी कुठून येणार? तो महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून खांद्यावर, रिक्षातून, एसटीतून जवळच्या दवाखान्यातच येतो, आणि तो येतो ते तेथल्या डॉक्टरवरील भरवशाने.

2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र आपल्या वाचनालयात नसेल, तर चिटणिसांकडे त्याची मागणी अवश्य नोंदवावी.