तह आणि चहा

लढाई कशी सुरू करावी, हे कोणाला शिकवावं लागत नाही. सार्वजनिक नळावर एक बादली पुढे सरकली तरी तेवढं कारण पुरतं. लढाई थांबवायला मात्र टेबल लागतं, खुर्च्या लागतात, कागद लागतात, आणि एकमेकांचं तोंडही बघायला तयार नसलेल्या माणसांना एका खोलीत बसवणारा कोणीतरी चिवट माणूस लागतो. थोडक्यात, ऑफिस लागतं. असं असून शाळेच्या पुस्तकात लढाईला चार पानं आणि तहाला चार कलमं! माझ्यासारख्या कॉमर्स झालेल्या कारकुनाला हा आपल्या जातीवरचा अन्याय वाटतो. म्हणून मी इतिहास वाचायला घेतला, की तलवारी ओलांडून थेट टेबलापाशी जातो.

आता कोरियाचंच बघा. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. मग अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजा आल्या, मागोमाग चिनी आले. सोल हे शहर वर्षभरात चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. आणि १९५१ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजू जवळजवळ जिथून निघाल्या तिथेच येऊन उभ्या राहिल्या. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक सारखीच! मधल्या खर्चाच्या रकान्यात मात्र लाखो माणसं.

तेव्हा १० जुलै १९५१ रोजी केसाँगला बोलणी सुरू झाली. एका बाजूला अमेरिकेचे अ‍ॅडमिरल टर्नर जॉय, दुसऱ्या बाजूला उत्तर कोरियाचे जनरल नाम इल. जॉयसाहेब खुर्चीवर बसले ते खालीच गेले. खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवलेली होती! समोर नाम इल चांगले वीतभर उंच. खुर्ची बदलेपर्यंत फोटो काढून झाले होते. मग राष्ट्रसंघाच्या मंडळींनी टेबलावर आपला चिमुकला झेंडा ठेवला. मधल्या सुट्टीनंतर बघतात तो समोर उत्तर कोरियाचा झेंडा, आणि तो काही इंच जास्त उंच. मुंजीत मानाच्या पाटावरून रुसलेले व्याही मी पाहिले आहेत; पण त्यांच्या मागे रणगाडे उभे नसतात, एवढाच काय तो फरक.

१० ऑगस्टला तर कमाल झाली. दोन्ही पक्ष समोरासमोर बसले आणि कोणी बोलेचना. दोन तास अकरा मिनिटं सगळे नुसते एकमेकांकडे बघत होते. यातली अकरा मिनिटं मला फार आवडतात. जगातल्या कोणत्याही सभेला घड्याळाकडे बघून टिपण करणारा एक कारकून असतोच!

हसू येतं खरं. पण ही मंडळी खुर्च्या मोजत होती तेव्हा बाहेर टेकड्यांवर तोफा चालूच होत्या. या युद्धातली अमेरिकेची जवळजवळ निम्मी हानी बोलणी सुरू झाल्यानंतरची आहे. इतरांच्या घरी काय झालं असेल, त्याचा हिशेब आपणच करावा.

नोव्हेंबर १९५१ पर्यंत नकाशावरच्या रेषेचं बहुतेक जमलं होतं. पुढे गाडं अडलं ते युद्धकैद्यांवर. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो, युद्ध संपलं की कैद्यांना परत पाठवा. पण इथे हजारो कैदी म्हणायला लागले, आम्हाला घरी जायचंच नाही. एक पक्ष म्हणाला, नियम म्हणजे नियम, सगळे परत द्या. दुसरा म्हणाला, जबरदस्तीने एकही देणार नाही. या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ गेला. डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेनन यांनी मांडलेला भारताचा तोडगा राष्ट्रसंघाच्या आमसभेत मंजूर झाला. तेव्हा रशिया आणि चीनने तो झिडकारला. पण शेवटी जे ठरलं ते बरंचसं त्याच वाटेनं. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला सह्या झाल्या. १५८ बैठकींनंतर! सह्या करून दोन्ही बाजू एक शब्दही न बोलता उठून गेल्या.

आता घरी न जाणारे बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळायचे कोणी? पाच तटस्थ देशांचं मंडळ नेमलं, अध्यक्ष जनरल थिमय्या. पहाऱ्याला भारताची सुमारे सहा हजारांची फौज, आणि तिचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलं, की भारतीय शिपायाचा पाय आमच्या भूमीला लागता कामा नये. मग या फौजेला बोटीवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे तंबू ठोकून आपल्या लोकांनी वसाहतीचं नाव ठेवलं ‘हिंदनगर’.

काम म्हणाल तर निव्वळ कारकुनी. प्रत्येक कैद्याने तंबूत यायचं, मायदेशाच्या माणसाचं म्हणणं ऐकायचं आणि दोनपैकी एका दाराने बाहेर पडायचं. एक दार घरचं, दुसरं न जाण्याचं. बहुतेकांनी ऐकायला यायलाच नकार दिला. सप्टेंबर १९५३ मध्ये खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या कुंपणात अडकवून ठेवलं. बाहेर सशस्त्र शिपाई तयार होते. थोरात मात्र मोजक्या माणसांनिशी हत्याराशिवाय आत गेले. चहूकडून गर्दी, आरडाओरडा. तेव्हा, असं सांगतात, त्यांनी तक्रार केली ती अशी, की पाहुणा दारात आला तरी त्याला चहा-सिगारेट विचारायची रीत तुमच्याकडे नाही का? वातावरण निवळलं, आणि मेजर सुखरूप सुटला.

या चहाचा मी पुष्कळ विचार केला आहे. बुटक्या खुर्चीने समोरचा पाहुणा खाली जातो. चहा मागितला, की समोरचा कैदी एकदम यजमान होतो. त्याची मान वर येते, आणि मान वर आली की मूठ आपोआप सैल होते. दोन वर्षं टेबलाशी जे सुचलं नाही, ते कुंपणाच्या आत एका माणसाला सुचलं. त्याला कदाचित कोल्हापूरचं पाणी कारण असेल. तिकडे पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत.

उत्तरेतही नाही, दक्षिणेतही नाही, असं म्हणणारे ८८ जण १९५४ साली त्याच फौजेबरोबर बोटीने भारतात आले. कोरियात मात्र झाला तो फक्त युद्धविराम. कायमचा तह अजूनही झालेला नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ ते खातं उघडंच आहे. कधीतरी कोणीतरी ते बंद करायला बसेल. त्या दिवशी खुर्च्या सारख्या उंचीच्या असाव्यात, आणि चहा आधी यावा.