लॉग फुगतो तेव्हा: डिरेक्टरी सर्व्हरच्या नोंदवहीची गोष्ट

आज आपण एका अशा नोंदवहीचा इतिहास बघणार आहोत, जी चालू असते तोवर कुणी उघडून बघत नाही.

विद्यापीठात किंवा मोठ्या कचेरीत आपण पासवर्ड टाकतो, तो बहुतेकदा डिरेक्टरी सर्व्हर तपासतो. आता समजा, एखादं यंत्र बिघडलं आणि तेच ते सेकंदाला शेकडो वेळा विचारू लागलं. लॉग फुगतो, डिस्क भरत जाते. कुणीतरी म्हणतं, लॉगच बंद करा! बरं, मग दोषी यंत्र सापडणार कसं?

थोडं मागे जाऊ. १९८८ साली एक्स.५०० हे डिरेक्टरीचं प्रमाण आलं. साध्या पीसीला ते झेपेना. म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउझ यांनी सहकाऱ्यांसोबत हलका मार्ग काढला, तो एलडॅप. १९९३ मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तिथेच स्लॅपडी हा सर्व्हर घडला. १९९८ पासून ओपनएलडॅप प्रकल्पाने तो पुढे नेला.

नोंदींसाठी स्लॅपडीने सिसलॉग वापरला. तो एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी लिहिला होता. काय नोंदवायचं, ते आकड्यांनी ठरतं: ३२ म्हणजे शोधाची गाळणी, १२८ म्हणजे परवानग्या, २५६ म्हणजे जोडण्या आणि त्यांवरची कामं. दोन हवे असतील तर बेरीज करा, ३८४. रोजच्या कामाला २५६ पुरतो.

आता खरी गंमत बघा. २५६ वर क्लायंटचा आयपी पत्ता फक्त जोडणी स्वीकारल्याच्या ओळीत येतो. पुढच्या प्रत्येक शोधाच्या ओळीत उरतो तो नुसता जोडणीचा क्रमांक. काही प्रोग्राम एकच जोडणी दिवसेंदिवस उघडी ठेवतात. तोवर जुनी फाइल पुसली गेली, तर आपल्या हाती क्रमांक राहतो, पत्ता नाही. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की क्रमांकही पहिल्यापासून. त्यात भर म्हणजे आजच्या लिनक्सवर जर्नलडी नोंदींचा पूर आला की काही ओळी गाळतो. म्हणजे ऐन गोंधळातच साक्षीदार गप्प!

म्हणून आम्ही म्हणतो, लॉग कमी करा, पण पत्त्याची ओळ कापू नका. जोडणी स्वीकारल्याच्या ओळी वेगळ्या फाइलीत काढा. एकेका जोडणीला एकच ओळ, त्यामुळे ती फाइल सहसा लहान राहते आणि जास्त दिवस ठेवता येते. मग सर्वांत जास्त शोध कोणत्या क्रमांकावर झाले ते मोजा आणि त्याचा पत्ता तिथे बघा. काही यंत्रं सतत जोडतात आणि तोडतात. त्यांच्यासाठी मात्र पत्त्यानुसार जोडण्याच मोजा.

२०२१ च्या २.६ आवृत्तीपासून स्लॅपडी सिसलॉगला वगळून थेट फाइलीत लिहू शकतो. वेग वाढला, पण काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं.